खालची बाजू

जिन्यावरून जड सामान उतरवताना खालची बाजू कोण धरतं, तेवढं बघायचं आणि माणूस ओळखायचा, असं थोरल्याचं म्हणणं होतं. वरच्याला काय, नुसता तोल सांभाळायचा असतो. खरं वजन येतं ते खालच्याच्या छातीवर. पाठ मोकळ्या जिन्याकडे, पाय एकेक पायरी चाचपतायत आणि डोळ्यांसमोर कपाटाचं बूड, बाकी काही नाही. वडिलांनी हयातभर खालची बाजू धरली. ते गेले आणि थोरल्यानं धरली. आठवीत मास्तरांनी हात टेकले तेव्हा थोरल्यानं पुस्तकं ठेवली ती ठेवलीच, पण घरं हलवण्याच्या धंद्यात त्याच्या तोडीचा गडी त्या शहरात दुसरा नव्हता. खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. थोरल्याला विचारलंत तर तो न विचारलेलंही सांगेल.

वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. जिन्यावर बोलायचं ते खालच्यानं. 'थांब' म्हणणार तो खालचा, 'चल' म्हणणार तो खालचा. वजन त्याच्या अंगावर, तेव्हा बोलायचा हक्कही त्याचा. वरच्यांनी मुकाट ऐकायचं. टेम्पोवर चारच माणसं. थोरला, धाकटा भाऊ, आईचा भाऊ म्हणजे मामा, आणि दारातून वाकून आत येणारा लंबू. चौघांच्याही हाडात हा नियम मुरलेला होता.

धाकटा वेगळ्या मातीचा. अंगानं भावासारखाच दणकट, पण डोकं पुस्तकात. टेम्पोत ब्लँकेटांच्या ढिगावर बसून त्यानं अभ्यास केला आणि पदवी घेतली. आणि मग एक दिवस घरी येऊन म्हणाला, "दादा, मी लष्कराच्या राखीव दलात नाव दिलंय. अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाला."

"म्हणजे काम सोडणार?"

"नाही रे. काम चालूच. शनिवार-रविवार तिकडे जायचं, मधे एक संध्याकाळ वर्ग, उन्हाळ्यात छावणी. शेवटपर्यंत टिकलो तर अधिकारी. मग बोलावतील तेव्हा जायचं. नाही बोलावलं तर आपला टेम्पो आहेच."

थोरल्यानं त्यातला 'अधिकारी' एवढाच शब्द ऐकला. 'टिकलो तर' त्याच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्याच दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचा धाकटा लष्करात अधिकारी झाला."

"झाला?" वस्तरा थांबवून न्हाव्यानं विचारलं.

"झाल्यातच जमा. आमच्या घरात अर्धवट काम कुणी केलंय का कधी?"

तेव्हापासून गल्लीत धाकट्याचं नाव पडलं 'साहेब'. टेम्पोतून गादी खांद्यावर घेऊन उतरला की पोरं पाय जोडून सलाम ठोकायची. वाणी म्हणायचा, "साहेब, सीमेवर सगळं ठीक ना? मग जरा हे पोतं आत घ्या." धाकटा कानापर्यंत लाल व्हायचा. थोरल्याला मात्र ती चेष्टा आहे हे कधी कळलंच नाही, किंवा कळूनही त्यानं कळून घेतलं नाही.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, एकदा म्हणाली, "अहो, जरा दमानं. पोरगा अजून शिकतोय."

"तू गप. त्याच्या अंगात काय आहे ते मला माहितीये. मी घडवलाय त्याला."

ते खरंच होतं. बूट बांधायला, गाठ मारायला, दाराच्या चौकटीतून सोफा तिरका काढायला, सगळं थोरल्यानंच शिकवलं होतं. आणि त्याच शिकवणीनं घात केला.

झालं असं. एका शनिवारच्या सरावात डोंगराच्या उतारावरून जखमी सैनिक खाली आणायचा होता. जखमी म्हणजे वाळू भरलेला जडशीळ पुतळा, स्ट्रेचरवर बांधलेला. तुकडी धाकट्याच्या हाती दिली होती. उतारावर ठिकठिकाणी लाल फिती लावलेल्या. तिथं पाय पडला तर सुरुंग फुटला असं धरायचं. धाकट्यानं सगळ्यांना जागा नेमून दिल्या, आखणी चोख केली, आणि स्ट्रेचर हलायच्या वेळी त्याचे हात आपसूक पुढे गेले. खालची बाजू धरली त्यानं. आणि तिथून, पाठ उताराकडे करून, पुतळ्याच्या पायांकडे बघत, तो हुकूम देत राहिला. चल. थांब. चल. पुढे टेहळणीला पाठवलेले दोघं हातानं खुणा करत राहिले, त्या खुणा बघायला कुणी नव्हतंच. अख्खी तुकडी फितींमधून सरळ चालत गेली.

तिथल्या शिकवणाऱ्या मेजरबाई आवाज न चढवता बोलायच्या, तेच जास्त लागायचं. त्या म्हणाल्या, "तुमची सगळी माणसं मेली. तुम्ही उचलत मात्र छान होतात." मग पुढे म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या छावणीत एक संधी आहे. तेव्हाही हेच केलंत तर तुम्ही चांगले सैनिक व्हाल. अधिकारी होणार नाही."

सोमवारी टेम्पोत धाकट्यानं हे सांगितलं तेव्हा थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"म्हणजे उचललंस म्हणून नापास? खिशात हात घालून उभा राहिला असतास तर पास?"

"तसं नाही रे, दादा."

"मग कसं?"

धाकट्यानं जरा विचार केला. "साधारण तसंच."

मागं ब्लँकेटांवर बसलेला लंबू फिसकन हसला. थोरल्यानं आरशातून असं बघितलं की लंबूनं तोंड मिटून घेतलं.

"त्या बाईंना आयुष्यात कधी कपाट उचलावं लागलं नसेल," थोरला म्हणाला. "बापानं काय शिकवलं आपल्याला? माणसं पुढं लोटून आपण मागं उभं राहायचं?"

"बाबांना सामान उतरवायचं होतं. मला माणसं उतरवायचीयत. खाली घुसलो की मला दिसतच नाही काही." धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आणि खरं सांगू? हात थांबतच नाहीत माझे. कुणीतरी वजनाखाली दिसला की मी तिथं असतो. ती सवय जाईपर्यंत काही खरं नाही."

थोरला दिवसभर धुमसत राहिला. त्याला राग मेजरबाईंचा आला, धाकट्याचा आला, आणि गल्लीत आता काय तोंड दाखवायचं याचा तर फारच आला. रात्री जेवताना वहिनीनंच तोड काढली. "मग घरच्या कामावर सराव करा की. भाऊजींना जिन्यात वर उभं करा, हात लावायचा नाही. ते सांगतील तसं तुम्ही उतरवा."

"मी ऐकू? ह्याचं?"

"का, कान दुखतात?"

आई हसली. थोरल्यानं घास गिळला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "ऐकीन की. भावासाठी ऐकीन. त्यात काय अवघड आहे?"

अवघड होतं. पहिल्याच दिवशी एका मास्तरीणबाईंचा पलंग उतरवायचा होता. धाकटा वर उभा, हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"दादा, थोडं डावीकडे."

"मला कळतंय डावीकडे."

"तुला दिसत नाहीये. तुझ्यासमोर पलंग आहे."

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून माझ्यासमोर पलंगच आहेत!"

पलंग डावीकडे गेला, पण थोरल्याच्या हुकमावर. तो आधी स्वतः ओरडायचा, मग धाकट्याचं ऐकल्यासारखं करायचा. मामा बिचारे गोंधळायचे. त्यांचा कान जन्मभर खालच्या आवाजाला लागलेला. लंबू मात्र मजेमजेत साहेबांचं ऐकायला लागला होता. 'जी साहेब' म्हणायचा आणि थांब म्हटलं की थांबायचा. म्हणजे एका जिन्यात दोन हुकूम आणि एकेकाचं ऐकणारा एकेक माणूस. वहिनी असती तर तिच्या लक्षात आलं असतं. ह्या चौघांच्या आलं नाही. छावणी तोंडावर आली होती आणि थोरला न्हाव्याकडे सांगत होता, "तयारी जोरात आहे. मी स्वतः घेतोय."

मग ते वकिलाचं कपाट आलं.

जुन्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं ऑफिस. जिना अरुंद, मधे काटकोनात वळण, कठडा लोखंडी. कपाट आगीपासून कागद वाचवणारं, दुहेरी पत्र्याचं, रिकामं असूनही मेलेल्या म्हशीसारखं. दोन पट्टे लावले. वर डावीकडचा पट्टा लंबूकडे, उजवीकडचा मामांकडे, खाली छाती लावून थोरला. धाकटा सगळ्यांच्या वर, मोकळ्या हातांनी. त्याच्यामागं वकिलाचा कारकून 'हळू हो, भिंतीचा रंग नवा आहे' म्हणत उभा.

वळणाच्या जरा वर धाकट्याला दिसलं की मामांच्या पट्ट्याचा आकडा कपाटाच्या कडेवरून सरकतोय.

"थांबा! आहे तिथंच टेकवा!"

थोरल्याच्या मांड्या थरथरत होत्या. त्याला पायाला वळणाची सपाट जागा लागली होती. आणखी एक पायरी, की टेकवायला ऐसपैस. वरच्याला काय कळतंय खाली काय आहे ते? तो ओरडला, "चल!"

मामा चालले. लंबू थांबला.

कपाट फिरलं. मामांचा पट्टा सुटून चाबकासारखा भिंतीवर आपटला आणि ते सगळं धूड तिरकं होऊन थोरल्याच्या अंगावर गेलं. भिंत मागं, कपाट पुढं, मधे तो. उजवा खांदा आत कुठेतरी वाळक्या फांदीसारखा वाजला. कपाट पुरतं खाली आलं नाही ते एवढ्याचसाठी, की लंबूचा पट्टा अजून ताणलेला होता आणि लंबू कठड्याला पाय लावून मागं रेलला होता.

"ये खाली!" थोरला किंचाळला. "धर! अरे धर ना, ये!"

धाकटा आला नाही.

थोरल्याला कपाटाच्या कडेवरून तो दिसत होता. वरच्या पायरीवर उभा, पाय रोवलेले, तोंड पांढरंफटक. डोळे थोरल्याकडे नव्हतेच.

"लंबू, पट्टा कठड्याला गुंडाळ. अजून एक वेढा. सोडू नकोस. मामा, हात काढा तिथून. मामा! काढा म्हणतोय ना! मागं या." मामा रडत होते, 'अरे तो मरतोय' म्हणत कपाटाखाली हात घालत होते. धाकट्याचा आवाज असा काही कडक झाला की त्यांचे हात चटका बसल्यासारखे मागं आले. "कारकूनसाहेब, दाराच्या मागं जाड फळी आहे. आणा. पळा."

"अरे ये ना!" थोरला म्हणत होता. आता तो ओरडत नव्हता, गयावया करत होता. आयुष्यात कुणाची केली नव्हती.

फळी आली. धाकट्यानं ती कुठं सरकवायची ते बोटानं दाखवलं. मामा आणि कारकून फळीवर ओणवे झाले. "आत्ता नाही. मी सांगीन तेव्हा. लंबू, घट्ट? बघू. हां. दादा, डावीकडे सरकायचं. आता!"

कपाट हातभर उचललं गेलं. थोरला डावीकडे सरकला आणि वळणाच्या जागेत घसरून पडला. तेव्हा कुठे धाकटा धडधडत खाली आला, गुडघ्यांवर बसला आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं. थोरल्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

हाड जुळलं, पण खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, हा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, आणि वजन उचलणं विसरा. ज्या छातीवर अख्ख्या शहराची कपाटं उतरली, त्याच छातीशी हात गळपट्टीत बांधून थोरला खिडकीशी बसला. बघायला येणाऱ्यांना सांगायचा, "कपाट लबाड निघालं. दुसरा असता तर जागेवर गेला असता, मी होतो म्हणून निभावलं." धाकट्याबद्दल अवाक्षर नाही. धाकट्याशी एक शब्द नाही. आई दोघांच्या मधे ताटं ठेवायची आणि दोघांची तोंडं बघायची.

हाडाचं दुखणं गोळीनं थांबायचं. डोळ्यांसमोरून जात नव्हता तो धाकट्याचा चेहरा. आपल्याच हाताखाली वाढलेलं पोर परक्यासारखं उभं आहे आणि आपण त्याला ये म्हणतोय.

छावणीला जायचा दिवस जवळ आला. सकाळी थोरला डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावायची खटपट करत होता. धाकटा येऊन समोर बसला. मदतीला हात पुढे केला, थोरल्यानं तो झटकला.

"मी नाही जात, दादा."

थोरला एवढ्या दिवसांनी त्याच्याशी बोलला. "का?"

"काम कोण बघणार? मामा एकटे—"

"मामांचं मी बघतो. खरं सांग."

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "तू ओरडत होतास ना... मला ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज येत होता. पण तो तुझा म्हणून ऐकू येत नव्हता. मला लंबूचा पट्टा दिसत होता, फळी दिसत होती, मामांचे हात दिसत होते. तू मला फक्त एक अडकलेला माणूस होतास." त्यानं नाक पुसलं. "इतके दिवस भीती होती की मला हे जमणार नाही. आता कळलंय की जमतं. ते जास्त वाईट आहे. उद्या खरंच बोलावलं, तर मी असाच उभा राहीन. कुणाचा तरी भाऊ खाली ओरडत असेल आणि मी बघत असेन पट्टा कुठं आहे ते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. थोरल्याच्या मनात खूप काही आलं. लाथ घालावी असं आलं, जवळ घ्यावं असंही आलं. दोन्हींना उजवा हात लागतो.

"मामांच्या हाताला काही झालं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"लंबूला?"

"नाही."

"त्या कारकुनाच्या नखालाही लागलं नाही. भिंतीचा रंग तेवढा गेला." थोरला पुन्हा बटणाशी झटू लागला. "मी तेव्हा त्यांच्यातल्या एकाकडेही बघितलं नव्हतं. तू बघितलंस."

"दादा—"

"ऐकून घे. आता तू घरी बसलास तर ह्या खांद्याचं मी काय सांगू लोकांना? फुकट गेला म्हणून? सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय मी. जा, आणि होऊन ये. माझ्याशी गोड बोलायला थांबू नकोस, मला ते आत्ता जमायचं नाही."

धाकटा गेला. छावणीत काय झालं ते त्यानं कधी फार सांगितलं नाही. एवढंच कळलं की नदी ओलांडताना एका मुलीचा पाय दगडात अडकला, पाणी चढत होतं, आणि तुकडी ह्याच्याकडे बघत होती. हा काठावर उभा राहिला, पाण्यात उतरला नाही. सगळे बाहेर आले, ती मुलगीही. नंतर त्याच्या तळहातावर स्वतःच्याच नखांचे व्रण होते, ते वहिनीला दिसले. मेजरबाईंनी ह्या वेळी काही म्हटलं नाही, नुसती मान डोलावली.

शपथविधीला अख्खं घर गेलं. मामांनी टाय लावला होता, तो लंबूनं बांधून दिलेला. थोरल्यानं शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला, कुणीही न विचारता, सांगायला सुरुवात केली. "तो तिसरा उभा आहे ना, खांदे रुंद, तो आमचा. जिन्यात मी कपाटाखाली सापडलो होतो. ह्यानं मला जिवंत बाहेर काढलं. हात न लावता."

"हात न लावता?" तो माणूस म्हणाला. "म्हणजे कसं?"

थोरल्यानं तोंड उघडलं, पण पुढचं काही आलं नाही. पहिल्यांदाच. शेजारी बसलेल्या वहिनीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग घरच्यांना मैदानात बोलावलं. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यांवर बिल्ले घरच्यांनी लावायचे, अशी त्या दलाची रीत. एका खांद्यावर आईनं लावला. दुसरा थोरल्याकडे दिला. उजवा हात छातीच्या वर जाईना. त्यानं बिल्ला डाव्या हातात घेतला. पिन बारीक, बोटं जाड, कापड नवं आणि ताठ. पिन आत जाईना.

"राहू दे, दादा," धाकटा पुटपुटला. "वहिनी लावतील."

"गप उभा राहा."

बाकीच्यांचं आटोपलं होतं. लोक फोटो काढायला पांगत होते. थोरल्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं पिन कापडातून घातली, ती पलीकडे निघून धाकट्याच्या मांसात टोचली. धाकटा हलला नाही. इतक्या जवळून त्याचा चेहरा थोरल्याला त्या दिवसानंतर आज दिसत होता. डोळे भरलेले, पण सरळ समोर.

ओठ न हलवल्यासारखं करून धाकट्यानं विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे," थोरला म्हणाला आणि पिन परत काढली. "हलू नकोस."